पॅकेजच्या सातबाऱ्यावरचा जुना बोजा

प्रति,
मुक्त सॉफ्टवेअरची पॅकेजं (मशीनवर बसवायला तयार गठ्ठे) बांधणाऱ्या सर्व मराठी मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

वसमतला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. हळदीच्या हंगामात आडत्यांची बिलाची मशीन, एरवी प्रिंटर आणि इन्व्हर्टर, आणि वर्षभर आजूबाजूच्या शाळांचे संगणक असं काम चालतं. बँका, पतसंस्था, कारखाने जुने संगणक काढून टाकतात. ते कुणीतरी शाळेला देणगी देतं आणि मग मुख्याध्यापकांचा फोन येतो, "मशीन आल्यात, पण चालंनात." आत २ जीबी रॅम असते आणि जुनी फिरती हार्डडिस्क. मी त्यावर डेबियन ही लिनक्सची मोफत कार्यप्रणाली टाकतो, लोहित देवनागरी फाँट आणि मराठी कळपाट बसवून देतो, आणि पोरं कामाला लागतात. हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत अशा बऱ्याच लॅब मी सांभाळतो. रात्री दुकान बंद झाल्यावर दोन-चार छोटी पॅकेजं स्वतःही बांधतो. त्यामुळे हे पत्र तुमच्यातल्याच एकाचं समजा.

तुमच्यापैकी काही जण नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या महाविद्यालयांत शिकता, काही इथून शिकून पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात. कुणी थेट मोठ्या डिस्ट्रोसाठी (डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणासाठी) पॅकेज सांभाळतं, कुणी आपल्या गटाचं एखादं मराठी सॉफ्टवेअर बांधून लोकांना देतं. सगळं काम विनामोबदला आणि बहुतेक रात्रीचं. त्या कामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे: आपल्या प्रोग्रामला जी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला सामायिक कोड, लागत नाही, तिला तो जोडू नका. जोडलेली असेल तर सोडवा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट सांगतो. औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका शाळेत मी नव्याने डेबियन १३ बसवत होतो. दहावीच्या काही मुली मराठी ३० शब्दांच्या टायपिंग परीक्षेची तयारी करत होत्या. त्यांच्यासाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने बनवलेला टायपिंगच्या सरावाचा प्रोग्राम टाकायचा होता. आधीच्या डेबियन १२ वर तो छान चालत होता. कुणी बनवला ते इथं लिहीत नाही, कारण ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. पॅकेज टाकलं आणि उत्तर आलं की याला ‘लिबआयसीयू७२’ हवं आहे आणि ते मिळण्यासारखं नाही. डेबियन १२ मध्ये आयसीयूची ७२ वी आवृत्ती होती, १३ मध्ये ७६ वी आहे. जुनं नाव नव्या भांडारात, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या साठ्यात, नाही.

वीज चारला जाणार होती. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट. मुली दारात उभ्या. एकीने विचारलं, "सर, आज होयलंय का नाही?" मी तिला उद्या या म्हणालो. ती कुरुंद्याहून जीपने आली होती.

रात्री दुकानात बसून मूळ कोड उतरवला. आयसीयू ही युनिकोड कन्सॉर्शियमची मोठी लायब्ररी आहे. भाषेप्रमाणे शब्दांचा क्रम लावणं, तारखा आणि आकडे त्या त्या पद्धतीने लिहिणं, शब्द कुठे तुटतो हे ओळखणं, अशी कामं ती करते. तिची नुसती माहितीची फाइलच ३० एमबीच्या आसपास असते. टायपिंगच्या प्रोग्रामला ती कशाला लागत असेल? पूर्ण कोड धुंडाळला, तर आयसीयूचं एकही फंक्शन कुठे हाक मारलेलं नव्हतं. जुन्या नोंदी वाचल्या तेव्हा उलगडा झाला. पहिल्या आवृत्तीत सरावाच्या शब्दांची यादी प्रोग्राम स्वतः अकारविल्हे लावत असे, त्यासाठी आयसीयू घेतली होती. पुढे यादी आधीच क्रम लावून द्यायला लागले. कोड काढला, पण मेकफाइलमधली (बांधणीच्या सूचनांच्या फाइलीतली) आयसीयू जोडणारी ओळ तशीच राहिली. मधे कधीतरी कुणाला लिंकिंगची, म्हणजे लायब्ररी जोडण्याची, दुसरीच अडचण आली असावी, म्हणून त्याने ओळीच्या सुरुवातीला ‘नो-ॲज-नीडेड’ हा पर्याय टाकून ठेवला होता. म्हणजे वापरलेलं असो वा नसो, दिलेलं प्रत्येक नाव फाइलीत लिहाच, असा लिंकरला, म्हणजे जोडणी करणाऱ्या साधनाला, हुकूम.

मी आयसीयूचं नाव काढलं, तो पर्यायही काढला आणि दुकानातल्या डेबियन १२ च्या मशीनवर पॅकेज पुन्हा बांधलं. मुद्दाम जुन्याच मशीनवर, कारण १३ वर बांधलं असतं तर जुन्या नावाच्या जागी नवं नाव येऊन अडचण दिसेनाशी झाली असती. ते पॅकेज १२ वरही बसलं आणि १३ वरही बसलं. एका अक्षराचाही कोड बदलला नव्हता.

हे बघताना मला आमचा सातबारा आठवला. आजोबांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. ते त्यांनी हयातीतच फेडलं. पण ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा कुणी उतरवून घेतला नाही. शेत पिकत होतं, कुणाचं काही अडत नव्हतं. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी वडील बँकेत गेले, तेव्हा साहेबांनी उताऱ्यावर बोट ठेवलं: हा बोजा कमी करून आणा. बेबाकी दाखला आणायला सोसायटीत जावं, तर सोसायटीच अवसायनात निघालेली. दप्तर कुणाकडे ते तलाठ्यालाही ठाऊक नाही. जे कर्ज उरलंच नव्हतं, त्याच्यापायी वडिलांनी दोन महिने वसमत-हिंगोलीच्या चकरा मारल्या. ‘लिबआयसीयू७२’ म्हणजे अगदी ती सोसायटी. व्यवहार केव्हाच संपलेला, कागदावरचं नाव मात्र जिवंत, आणि ज्याच्या सहीवाचून अडतं तो जागेवर नाही.

आता हे नाव फाइलीवर चढतं कसं, ते जरा नीट बघू. प्रोग्राम तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर लिंकर काम करतो. आपण दिलेल्या लायब्ररींची नोंद तो तयार फाइलीच्या आतल्या एका तक्त्यात करतो. ईएलएफ प्रकारच्या फाइलीत या नोंदीला ‘नीडेड’ म्हणतात. प्रोग्राम सुरू होताना लोडर हा तक्ता वाचतो, एकेक नाव शोधून मेमरीत मांडतो. त्या लायब्ररीचाही स्वतःचा तक्ता असतो, मग तोही वाचतो, आणि असं करत शेवटच्या नावापर्यंत जातो. एक जरी नाव सापडलं नाही तरी प्रोग्राम उघडत नाही. या लायब्ररीतलं एखादं तरी फंक्शन इथं वापरलंय का, हे लोडर बघत नाही. डेबियनचं पॅकेज बांधताना ‘डीपीकेजी-एसएचलिबडेप्स’ हे साधन हाच तक्ता वाचून कुठली पॅकेजं लागतील ते लिहून टाकतं. म्हणजे मेकफाइलमधली एक विसरलेली ओळ आधी फाइलीत जाते, तिथून पॅकेजवर आणि तिथून प्रत्येक शाळेच्या मशीनवर.

बरं, ओळ नेहमी कुणी हाताने लिहिलेली असतेच असं नाही. लिबटूल नावाचं जुनं साधन प्रत्येक लायब्ररीसोबत ‘.एलए’ फाइल ठेवतं, आणि त्यात त्या लायब्ररीला लागणाऱ्या लायब्ररींचीही यादी असते. तुम्ही एक मागितली की ती आपलं सगळं गोत घेऊन तुमच्या फाइलीत येते. डेबियनच्या लोकांनी कितीतरी वर्षं खपून या फाइली पॅकेजांतून काढल्या किंवा त्यातली यादी रिकामी केली, ती याचसाठी. लायब्ररी कशी जोडायची ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगमध्येही तसंच. लायब्ररीच्या ‘.पीसी’ फाइलीत ‘लिब्ज’ आणि ‘लिब्ज.प्रायव्हेट’ असे दोन रकाने असतात. आपली लायब्ररी आतल्या आत जे वापरते ते दुसऱ्या रकान्यात जायला हवं. ते फक्त स्थिर लिंकिंग करणाऱ्याला, म्हणजे लायब्ररीची प्रत प्रोग्रामच्या पोटातच भरणाऱ्याला लागतं. पण लिहिणारा सगळंच पहिल्या रकान्यात भरतो आणि त्याच्या घरातला माल प्रत्येक वापरणाऱ्याच्या डोक्यावर येतो. सीमेक या बांधणीच्या साधनात ‘प्रायव्हेट’ लिहायच्या जागी ‘पब्लिक’ लिहिलं की परिणाम तोच. म्हणून लायब्ररीचं पॅकेज सांभाळणाऱ्यांना माझी विनंती जास्त कळकळीची आहे. प्रोग्रामवाल्याची चूक एका पॅकेजपुरती राहते, लायब्ररीवाल्याची चूक शंभर पॅकेजांत उगवते.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. न वापरलेली लायब्ररी मेमरीत खरंच किती जागा खाते? वापर नसलेली पानं तर डिस्कवरून उचललीच जात नाहीत. ते बरोबर आहे आणि मी ते नाकारत नाही. ३० एमबीची आयसीयू जोडली म्हणून ३० एमबी रॅम गेली, असं होत नाही. तरी प्रत्येक लायब्ररीमागे फाइल शोधणं, उघडणं, मेमरीत मांडणं, पत्ते जुळवणं हे होतंच, आणि पत्ते जुळवताना बदललेली पानं प्रत्येक प्रक्रियेसाठी वेगळी धरावी लागतात. एसएसडीवर हे जाणवत नाही. फिरत्या डिस्कच्या मशीनवर डेस्कटॉप उघडताना असे शेकडो शोध एकामागून एक लागतात, तेव्हा मास्तर चहा पिऊन येतात. पण मशीन हळू चालण्यापेक्षा अडण्याचा त्रास मोठा आहे.

आयसीयूचीच गोष्ट घ्या. तिची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते आणि दर वेळी लायब्ररीचं नाव बदलतं. डिस्ट्रोने नवी आवृत्ती घेतली की जुन्या नावाला जोडलेलं प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. डेबियनमध्ये याला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. त्यातलं एखादं पॅकेज बांधलं गेलं नाही तर बाकीची सगळी वेशीवर थांबतात, कारण त्यांना पुढच्या भांडारात एकत्रच जावं लागतं. या रांगेत खरी गरज असलेली पॅकेजं असावीत, हे ठीक. पण निव्वळ विसरलेल्या ओळीमुळे उभी राहिलेली पॅकेजं स्वतःही अडतात आणि इतरांनाही अडवतात. २०३८ च्या जानेवारीत ३२ बिटांचं घड्याळ संपणार, त्याची तयारी म्हणून डेबियनने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररींची नावं एका दमात बदलली. त्या महिन्यांत ज्यांनी पॅकेजं सांभाळली, त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं सोयीगैरसोयीचं झालं. सुरक्षेचं त्याहून गंभीर आहे.

२९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या दाब-प्रणालीच्या (फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आहे. त्यांना संशय आला तो एसएसएचने (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या सोयीने) लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागत होता म्हणून. चोरवाट होती एक्सझेडच्याच ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीमध्ये आणि निशाणा होता एसएसएचचा सर्व्हर. ओपनएसएसएच लिहिणाऱ्यांनी ही लायब्ररी कधी वापरलेलीच नाही. मग ती तिथे पोहोचली कशी? डेबियन, फेडोरा अशा काही डिस्ट्रोंनी एसएसएचला ठिगळ लावलं होतं, सर्व्हर सुरू झाला की सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) कळवावं म्हणून. तेवढ्यासाठी ‘लिबसिस्टमडी’ जोडली. ‘लिबसिस्टमडी’ला नोंदवह्या दाबून ठेवायच्या वेगळ्याच कामासाठी ‘लिबएलझेडएमए’ लागत होती. अशा रीतीने घराच्या मुख्य दाराच्या कुलपात परक्याचा हात गेला.

आणि तो निरोप किती मोठा? एका सॉकेटवर (दोन प्रोग्रामांमधल्या संवादाच्या वाटेवर) छोटंसं पाकीट टाकायचं, एवढाच. थोडक्या ओळींचा कोड. नंतर जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत ओपनएसएसएचने तो स्वतःच लिहून घेतला, ‘लिबसिस्टमडी’ न घेता. सिस्टमडीच्या लोकांनीही दाब-प्रणाल्यांच्या लायब्ररी कायमच्या न जोडता, गरज पडेल तेव्हाच उघडायची सोय केली. त्यांचं ते काम चोरवाट उघडकीला येण्याआधीच सुरू झालेलं होतं. चोरवाट स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोहोचण्याआधी पकडली गेली, म्हणून माझ्यासारख्यांच्या लॅब वाचल्या. पण एक गोष्ट मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही. त्या लायब्ररीतला घातक कोड सर्व्हरच्या मुख्य कामाला सुरुवात होण्याआधी, लोडर पत्ते जुळवत असतानाच जागा झाला. म्हणजे जोडलेली लायब्ररी वापरली नाही तर ती गपगुमान पडून राहते, ही समजूत खोटी आहे. मेमरीत आली की तिला स्वतःचा कोड चालवायची संधी मिळते. जे जोडलं, त्याच्यावर विश्वास टाकला.

एसएसएचचं उदाहरण टायपिंगच्या प्रोग्रामपेक्षा वेगळं आहे, हेही बघा. तिथे लायब्ररी अगदीच बिनवापराची नव्हती, तिच्यातलं एक फंक्शन वापरलं होतं. म्हणजे कुठलंही साधन ती ओळ काढून देऊ शकलं नसतं. तिथे माणसानेच बसून विचार करायला हवा होता, की एवढ्याशा निरोपासाठी एवढं मोठं गोत आणायचं का? बिनवापराची नावं शोधणं सोपं आहे, यंत्र शोधून देतं. थोडक्या वापराची नावं पारखायला पॅकेज सांभाळणाराच लागतो, आणि तुमचं खरं काम तिथंच आहे असं मला वाटतं.

सोप्या भागात फार रेंगाळत नाही. लिंकरला ‘ॲज-नीडेड’ हा पर्याय दिला की ज्या लायब्ररीतलं काहीच वापरलेलं नाही, तिची नोंद तो करत नाही. उबुंटूने २०११ मध्ये ११.१० आवृत्तीपासून हे आपल्या कंपायलरमध्ये आपोआप सुरू केलं. मेसन या बांधणीच्या साधनातही ते आधीपासून चालू असतं. पण आपली डिस्ट्रो करते म्हणजे झालं, अशा भरवशावर राहू नका, कारण मेकफाइलमधला एक शब्द ते उलटवू शकतो, हे वर सांगितलंच. पर्याय लायब्ररींच्या नावांच्या आधी यायला हवा, नंतर लिहिला तर आधीच्या नावांना लागू होत नाही. आणि शेवटी तयार फाइल उघडून बघाच. ‘रीडेल्फ’ किंवा ‘ऑब्जडम्प’ने नीडेड नोंदी दिसतात, ‘एलडीडी’ला ‘यू’ आणि ‘आर’ हे पर्याय दिले की बिनवापराची थेट नावं कळतात. (अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीवर ‘एलडीडी’ चालवू नका, काही वेळा ते ती फाइल खरंच चालवतं. तिथे ‘रीडेल्फ’च बरं.) डेबियनवाल्यांनी तर बांधणीच्या लॉगमध्ये ‘यूसलेस डिपेंडन्सी’ शब्द शोधले तरी पुरे. ‘डीपीकेजी-एसएचलिबडेप्स’ प्रत्येक अशा नावाची तक्रार तिथे स्पष्ट लिहितं. लॉग हिरवा निघाला की आपण तो वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

उत्साहाच्या भरात उलटी चूक होऊ नये, म्हणून हेही लिहितो. काही लायब्ररी त्यांचं फंक्शन कुणी हाक मारून वापरावं म्हणून नसतात. त्या मेमरीत आल्या की स्वतःची नोंदणी करतात आणि मग उपयोगी पडतात. लिंकरला अशी लायब्ररी बिनकामाची दिसते आणि तो ती गाळतो. बांधणीत चूक दिसत नाही, पण प्रोग्रामची एखादी सोय मुकाट बंद पडते. अशा ठिकाणी तेवढ्या एका नावापुरता ‘नो-ॲज-नीडेड’ वापरावा, नंतर पूर्ववत करावं आणि शेजारी कारण लिहून ठेवावं. तसंच, जी लायब्ररी तुमचा कोड थेट वापरतो, तिचं नाव तुमच्या यादीत असलंच पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या मार्फत ती येतेच आहे, म्हणून तुम्ही नाव गाळलं, तर उद्या त्या दुसऱ्याने तिला सोडलं की तुमचा प्रोग्राम उघडा पडेल. लायब्ररी बांधताना ‘झेड डेफ्स’ हा पर्याय दिला की अशी राहून गेलेली नावं बांधणीतच पकडली जातात. जितक्यांशी थेट व्यवहार, तितकीच नावं उताऱ्यावर हवीत.

आणखी एक वाट काही जण सुचवतात. लायब्ररी जोडायच्याच नाहीत, सगळ्यांच्या प्रती प्रोग्रामच्या पोटातच भरून द्यायच्या, मग अडायचा प्रश्नच नाही. कृपा करून त्या वाटेने जाऊ नका. सामायिक लायब्ररीत दोष सापडला तर एक पॅकेज सुधारलं की माझ्या सगळ्या लॅब सुधारतात. तीच लायब्ररी दहा प्रोग्रामांच्या पोटात दडली तर दहा ठिकाणी दोष तसाच राहतो, आणि तो तिथे आहे हेही मला कळत नाही. लायब्ररी जोडण्याला माझा विरोध नाही. ‘कार्यकर्त्याच्या’ या शब्दातली जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळतात ती हार्फबझमुळे, आणि मराठी अक्षरं स्वतः जुळवणाऱ्या प्रोग्रामने ही लायब्ररी जोडावी. त्याच हार्फबझकडून शिकण्यासारखंही आहे. तिला आयसीयूशी बोलायची सोय हवी होती, पण ती मुख्य लायब्ररीत न घालता ‘लिबहार्फबझ-आयसीयू’ अशी वेगळी काढली. ज्याला आयसीयू हवी त्याने ती दुसरी जोडावी. बाकीचे जण नुसती अक्षरं जुळवून घेतात, त्यांच्यावर आयसीयूचा भार नाही.

थोडक्या वापराच्या नावांसाठी हाच मार्ग आहे. शंभरातल्या दोघांना लागणारी सोय असेल तर ती प्लगइन (हवा तेव्हा जोडायचा वेगळा भाग) करून वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा, आणि मुख्य पॅकेजने तिला सक्तीची न करता ‘रेकमेंड्स’ (शिफारस) किंवा ‘सजेस्ट्स’ (सुचवणी) म्हणावं. कॉन्फिगर करताना, म्हणजे बांधणीआधी काय काय घ्यायचं ते ठरवताना, मूळ प्रकल्पाने दिलेली प्रत्येक सोय चालू करायचा मोह आवरा. बांधणीच्या मशीनवर योगायोगाने एखादी लायब्ररी बसलेली असली की कॉन्फिगर तिला आपोआप ओळखून जोडून टाकतं. त्यापेक्षा काय हवं आणि काय नको ते नावानिशी लिहा. आणि मुख्य म्हणजे, केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवा. आपल्या पॅकेजपुरतं ठिगळ लावून थांबलात तर पुढच्या डिस्ट्रोतल्या कुणालातरी तीच रात्र पुन्हा जागावी लागेल. टायपिंगच्या प्रोग्रामची दुरुस्ती मी पाठवली, त्या गटाने दोन दिवसांत घेतली आणि वर आभाराचं पत्रही लिहिलं. त्यांनाही ती ओळ कुठून आली ते आठवत नव्हतं.

मराठीत बनलेली सॉफ्टवेअर थोडी आहेत. ती वापरणारी माणसं बहुतेक अशाच मशीनवर बसलेली आहेत, ज्यांचं चित्र मी वर काढलं. तुमच्या लॅपटॉपवर सगळी पॅकेजं आधीच असतात, म्हणून तुम्हाला जादाचं नाव दिसत नाही. ते दिसतं कुरुंद्याच्या त्या मुलीला, आणि तिला ते लायब्ररीचं नाव म्हणूनही दिसत नाही. तिला एवढंच कळतं की आज होणार नाही, उद्या परत जीपचं भाडं.

येत्या मे महिन्यात मी उरलेल्या सगळ्या लॅब डेबियन १३ वर नेणार आहे. १५ जूनला शाळा उघडायच्या आत ते काम संपवायचंय. तुमच्यापैकी ज्यांची मराठी पॅकेजं शाळांत वापरली जातात, त्यांनी एप्रिल संपायच्या आत एकदा आपल्या तयार फाइलीतली नीडेड नावं वाचून काढावीत. प्रत्येक नावापुढे ते कशासाठी आहे ते लिहिता आलं तर राहू द्यावं, नाही आलं तर काढून पुन्हा बांधावं. तपासायला कमी ताकदीचं मशीन नसेल तर पॅकेज माझ्याकडे पाठवा. दुकानातलं सगळ्यात जुनं, २ जीबीचं मशीन मी त्यासाठी मोकळं करून ठेवलंय. त्यावर नवी डेबियन टाकून तुमचं पॅकेज बसवेन, आणि कुठे अडलं ते त्याच रात्री कळवेन.

आपला,
वसमतचा एक संगणक दुरुस्तीवाला
जि. हिंगोली